टेम्पोतला पेनड्राइव्ह आणि फुकटची गाणी

प्रश्न : ताई, मी सोलापूर-पुणे टेम्पो चालवतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतनं टॉवेल-चादरीच्या गाठी भरायच्या आणि रात्रीत पुणं गाठायचं, डोळा लागू नये म्हणून गाणी लागतातच. पेनड्राइव्हमध्ये दोन हजाराच्या आसपास गाणी आहेत, मोबाइलच्या दुकानातनं भरून घेतलेली, निम्मे तर अभंगच. आता पोरगी कॉलेजला जायलीय, ती म्हणायलीय पप्पा हा चोरीचा माल आहे. मी दुकानदाराला पैसे मोजून दिलेत, मग चोरी कशी झाली सांगा की. आणि अभंग तुकोबांचे, त्याचे कुणाला पैसे द्यायचे? सगळं पुसून टाकू का?

उत्तर : दादा, पैसे दिले हे खरं, पण कुणाच्या हातात गेले ते बघा. दुकानदारानं घेतले ते भरून द्यायचे पैसे. ज्यानं गाणं लिहिलं, चाल लावली, गळा दिला, ज्या कंपनीनं रेकॉर्डिंगला खर्च केला, त्यांच्यापर्यंत त्यातला एक रुपया पोचला नाही. त्यामुळं पोरीचं म्हणणं बरोबरच आहे. फक्त सगळा दोष तुमच्या माथी मारू नका म्हणावं, कारण कायद्यात पण फरक केलाय. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याच्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून हक्क मोडणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, पण धंद्यात कमाई करायला केलेलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. म्हणजे पेनड्राइव्ह भरून देऊन कमावणारा आणि ते टेम्पोत ऐकणारा एका मापात मोजलेले नाहीत. तरी आता माहीत झालंय, त्यामुळं इथून पुढं भरून घेऊ नका, हे मी मनापासून सांगते.

मी पण कॉलेजला असताना हेच केलंय. कोरी नव्वद मिनिटांची कॅसेट आणि वहीच्या पानावर गाण्यांची यादी दुकानात द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट मिळायची, आतल्या कार्डावर दुकानातल्या पोरानं लाल पेनानं नावं लिहिलेली आणि शेवटचं गाणं टेप संपल्यामुळं अर्ध्यात तुटलेलं. कंपनीची छापील कॅसेट घेतली की गाणाऱ्याच्या खात्यावर एक कॅसेट खपली म्हणून लागायची, माझ्या त्या नव्वदच्या कॅसेटचा हिशोब कुठंच लागला नाही. हे कळायला मला बरीच वर्षं लागली आणि आजही वाईट वाटतं.

आता अभंगाचं. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, त्यावर कुणाचा हक्क नाही, पारंपरिक चालही तशीच. तुम्ही स्टिअरिंगवर ठेका धरून मोकळ्या गळ्यानं म्हणा, कुणाला विचारायची गरज नाही. पण एखाद्या संगीतकारानं त्याच अभंगाला नवी चाल लावली तर त्या चालीचा हक्क त्याचा, त्याच्या हयातीत आणि गेल्यावर पुढं ६० वर्षं. आणि स्टुडिओत जे रेकॉर्ड झालं त्याचा हक्क वेगळाच, तो ते बाजारात आलं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६० साली आलेल्या रेकॉर्डिंगचा हक्क २०२० संपताना संपला, पण त्यातले शब्द आणि चाल कुणी कधी केली ते परत वेगळं बघायचं. एकाच गाण्यात असे तीन हक्क असतात आणि लोक सगळं एकच समजतात, गोंधळ तिथंच होतो.

करायचं काय ते सांगते. फोनवर गाण्यांचं ॲप घ्या आणि फोन ब्लूटूथनं नाहीतर वायरनं टेम्पोच्या प्लेअरला जोडा, पैसे भरून घेतलं तर निघायच्या आधी घरच्या वायफायवर गाणी उतरवून ठेवता येतात आणि रेंज नसली तरी वाजतात. फक्त एक लक्षात घ्या, ती गाणी पेनड्राइव्हवर जात नाहीत. फाइलला कुलूप असतं, ती त्या ॲपमध्येच वाजते आणि महिन्याचे पैसे थांबले की बंद. हे भाडं आहे. आणि ॲपच बंद पडलं तर? २०२४ मध्ये एअरटेलचं विंक हे गाण्यांचं ॲप बंद झालं तेव्हा लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या गेल्या. उलट फ्लिपकार्टनं २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं गाणी विकायचं दुकान काढलं होतं, ते २०१३ मध्ये बंद पडलं, पण ज्यांनी विकत घेऊन एमपीथ्री उतरवून ठेवल्या त्यांच्याकडं त्या अजून वाजतात.

म्हणून माझं मत असं की रोजच्या ऐकण्याला ॲप बास, पण जी गाणी तुम्ही दर खेपेला लावताच लावता, ती तरी विकत घ्या. ॲपलचं आयट्यून्स हे गाणी विकायचं दुकान २०१२ च्या डिसेंबरात भारतात आलं तेव्हा एक गाणं १२-१५ रुपयाला होतं. तिथली फाइल एमपीथ्री नसते, एएसी नावाच्या वेगळ्या प्रकारची असते, तुमच्या प्लेअरला चालली नाही तर पोरीला कॉम्प्युटरवर एमपीथ्री करून द्यायला सांगा, विकत घेतलेल्याला कुलूप नसतं. जुनी दोन हजार पुसायची का हे तुमचं तुम्ही ठरवा, पण खरं सांगा, त्यातली तुम्ही ऐकता किती? ऐकता तेवढ्याची यादी पोरीबरोबर बसून करा, पन्नास-साठच्या वर जाणार नाही. ती हळूहळू घ्या आणि बाकीची मग निवांत पुसा.

प्रश्न : पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न आहे. वरातीत सिनेमाची गाणी वाजवायला लायसन लागतं असं एकानं सांगितलं, खरंय का?

उत्तर : कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येच लग्नाला सूट आहे, वरात आणि लग्नाशी जोडलेले कार्यक्रम त्यात धरलेत, तसा स्पष्ट उल्लेख आहे. सूट वाजवण्याला आहे, वाजवायची फाइल कुठून आणली तो प्रश्न वेगळा. आवाजाचे नियम मात्र पाळा, वरातीच्या वाटेवर म्हातारी माणसं राहतात.

प्रश्न : माझा भाऊ भजनं गातो, मोहोळ तालुक्यात लोक त्याला ओळखतात. स्वतः शब्द लिहिले, चाल लावली, पैसे साठवून स्टुडिओत चार गाणी केली. आठ दिवसांत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत एका स्टॉलवर ती मेमरी कार्डावर भरून मिळायलीत आणि यूट्यूबवर कुणीतरी स्वतःचं नाव लावून टाकलीत. तो म्हणतो जाऊ दे, लोक ऐकायलेत ना. मला झोप येईना.

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं बाळा. वरचे टेम्पोवाले दादा जेव्हा विचारतात चोरी कशी, तेव्हा त्याचं उत्तर तुझ्या भावाच्या चार गाण्यांत आहे. मोठ्या कंपनीचं हजार ठिकाणाहून येतं, तुझ्या भावाचं यायचं ते याच चार गाण्यांतनं. ‘लोक ऐकायलेत’ यात समाधान आहेच, पण पाचवं गाणं करायला स्टुडिओवाला पैसे मागणारच.

आधी यूट्यूबचं. तिथं कॉपीराइटची तक्रार करायचा फॉर्म आहे, फुकट भरता येतो, पण तो भावाच्या नावानं भरा, कारण हक्क त्याचा आहे. मग त्याचं स्वतःचं चॅनेल काढून चारही गाणी तिथं टाका, आणि ॲपांवर गाणी चढवून देणाऱ्या एखाद्या डिस्ट्रिब्युटरकडनं ती सगळीकडं चढवा, तेव्हा प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-आकड्यांचा नंबर पडतो, कुठं वाजलं त्याचा हिशोब त्यावर लागतो. शब्द आणि चाल त्याचीच म्हणून आयपीआरएसचा मेंबर करून घे, गीतकार-संगीतकारांची ही संस्था १९६९ पासून आहे. आणि कुठल्या कंपनीनं एकरकमी पैसे देऊन सगळं लिहून मागितलं तर घाईनं सही करू नका. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कंपनी कराराने काढून घेऊ शकत नाही, तो वारसांकडं जातो नाहीतर अशा संस्थेकडं देता येतो. तालुक्याच्या गावातल्या कलाकारांना हे कुणी सांगतच नाही.

स्टॉलवाल्याशी भांडायला एकटी जाऊ नकोस. स्टुडिओची पावती, वहीतलं हातानं लिहिलेलं गाणं आणि रेकॉर्डिंगच्या मूळ फाइली एका ठिकाणी ठेव, यूट्यूबवरच्या त्या व्हिडिओचा तारखेसकट स्क्रीनशॉट आजच काढ, उद्या तो माणूस काढून टाकेल.