सेमिस्टरच्या अभ्यासासाठी वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप खरंच उपयोगी पडतो का, की नुसत्या पीडीएफ साठतात?

पडतो, पण साठ-सत्तर जणांचा वर्गाचा ग्रुप नाही. त्याच विषयाच्या पाच-सहा जणांचा वेगळा ग्रुप काढा आणि तिथे नोट्स टाकण्याऐवजी प्रश्न टाका. कारण साधं आहे: वाचलेलं पुन्हा वाचण्यापेक्षा ते न बघता आठवून लिहिलं की जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात होतं. पीडीएफ फॉरवर्ड करताना मात्र कुणालाच काही आठवावं लागत नाही.

प्रश्न विचारायची पद्धतही महत्त्वाची. ‘थर्मोडायनॅमिक्स कुणाला येतं?’ याला उत्तर मिळत नाही. गणित वहीत जिथवर आलं तिथवर सोडवा, अडलेल्या ओळीला लाल पेनाने गोल करा आणि फोटो टाका. मग दोन ओळींत किंवा छोट्या व्हॉइस नोटमध्ये कुणीतरी नक्की सांगतं. समजावणाऱ्याचाही धडा पक्का होतो, माझ्या मते खरा फायदा त्यालाच जास्त. टेलिग्राम वापरत असाल तर पोलमध्ये ‘क्विझ’ प्रकार आहे, एमसीक्यूसाठी फारच सोयीचा.

एक मात्र आहे: ग्रुपवर एकमताने ठरलेलं उत्तरही चुकीचं असू शकतं. व्याख्या आणि सूत्रं क्रमिक पुस्तकातून किंवा सरांकडून तपासून घ्या, विशेषतः परीक्षेच्या आदल्या रात्री फिरणारी.