छोट्या बोर्ड गेम प्रकाशकावर विकिपीडियात लेख टिकेल का?

तुमचा प्रश्न असा, की मित्राच्या कंपनीने पाच-सहा बोर्ड गेम काढलेत, त्यातला एक बरा गाजला, त्याला पुरस्कारही मिळाला, बोर्डगेमगीक या बोर्ड गेमच्या वेबसाइटवर सगळ्यांची पानं आहेत. तर इंग्रजी विकिपीडियावर कंपनीचा लेख टिकेल का? एवढ्या माहितीवर माझं उत्तर: कंपनीचा बहुतेक नाही, त्या गाजलेल्या खेळाचा कदाचित हो.

मी तिथे हौसेने संपादन करतो आणि लेख वगळण्याच्या चर्चांमध्ये अधूनमधून मत देतो. किती खेळ काढले, किती खपले, मंडळी किती मेहनती आहेत, याला त्या चर्चेत कोणी विचारत नाही. कंपनीशी काही देणंघेणं नसलेल्या विश्वासार्ह प्रकाशनांनी कंपनीबद्दल आपणहून सविस्तर लिहिलंय का, आणि तेही एकाहून जास्त ठिकाणी, एवढंच बघतात. कंपन्यांसाठी ही चाळणी मुद्दाम बारीक ठेवलीय, कारण फुकटात जाहिरात करायला येणाऱ्यांची तिथे रीघ असते.

लहान असणं मात्र आड येत नाही. जेम्स अर्नेस्ट यांनी १९९६ साली सुरू केलेली चीपॲस गेम्स घ्या. फासे, सोंगट्या, खोट्या नोटा लोकांकडे आधीच पडलेल्या असतात, त्या पुन्हा कशाला विकायच्या, असं म्हणून या माणसाने नुसते पट, पत्ते आणि नियम साध्या पाकिटात घालून स्वस्तात विकले. इथे खेळ बाजूला ठेवला तरी कंपनीबद्दल लिहिण्याजोगं काहीतरी उरतं.

बहुतेक प्रकाशकांचं घोडं इथेच अडतं. समीक्षक खेळावर लिहितो, फार तर डिझायनरवर. प्रकाशकाचं नाव एका ओळीत उरकतो. स्टोनमायर गेम्स या प्रकाशकाचा ‘विंगस्पॅन’ २०१९ मध्ये आला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सनेही दखल घेतली, पण बातमीचा रोख डिझायनर एलिझाबेथ हारग्रेव्ह आणि त्यांच्या पक्ष्यांच्या खेळावर होता. जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ हा या क्षेत्रातला सगळ्यात मानाचा पुरस्कार, १९७९ पासून दिला जातो, तोही खेळालाच मिळतो. आणि विकिपीडियाचा नियम स्पष्ट आहे: खेळाची कीर्ती प्रकाशकाच्या खात्यात आपोआप जमा होत नाही. मला स्वतःला हे जरा जाचक वाटतं. नियम घासूनपुसून सुटसुटीत करणं, चित्रकार शोधणं, छपाईचा पैसा अडकवणं, हे सगळं प्रकाशकच करतो. पण त्यावर कोणी लिहिलंच नसेल, तर संपादकाने लेखात घालायचं तरी काय?

आता कंपनीबद्दल छापून आलेली तुमच्याकडची सगळ्यात चांगली बातमी उघडा आणि एकेक ओळ खोडत जा. संस्थापकाच्या तोंडची वाक्यं खोडा. कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकातून उचललेलं खोडा. खेळ कसा खेळायचा ते खोडा. किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायच्या वेबसाइटवर, किती पैसे जमले ते खोडा. ‘कंपनीने यंदा तीन नवे खेळ आणले; संस्थापक म्हणतात, आम्हाला कुटुंबांना एकत्र आणायचंय’ अशा बातमीतलं पहिलं अर्धं ही घोषणा आणि दुसरं स्वतःचं कौतुक, दोन्ही गेलं. सगळं खोडून पत्रकाराने स्वतः शोधून लिहिलेले दोन-तीन परिच्छेद उरले, तर ती बातमी धरा. अशा किमान दोन-तीन लागतील, वेगवेगळ्या ठिकाणच्या. बोर्डगेमगीक यात मोजत नाहीत, कारण तिथली माहिती वापरकर्तेच भरतात. मुलाखतींचाही फारसा उपयोग नाही.

एवढं करूनही लिहायचंच असेल, तर मित्राची कंपनी आहे हे आधी जाहीर करा. लिहिण्याचे पैसे घेत असाल तर ते सांगणं विकिपीडियाच्या वापर-अटींनुसार बंधनकारक आहे. लेख थेट टाकू नका, मसुदा म्हणून तपासणीला द्या. मात्र सहा महिने हात न लावलेला मसुदा उडवतात, हे लक्षात असू द्या. ‘पैसे द्या, लेखाची हमी आमची’ म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. लेख ठेवायचा की नाही हे इतर संपादक ठरवतात, त्यामुळे ती हमी त्यांच्या हातात नसतेच.

मी तुमच्या जागी असतो तर त्या गाजलेल्या खेळाची स्वतंत्र परीक्षणं गोळा करून खेळाच्या लेखाचा मसुदा केला असता, त्यात प्रकाशकाबद्दल दोन-चार ओळी घातल्या असत्या आणि लेख झाल्यावर कंपनीचं नाव शोधणारा तिथेच पोचेल असं पुनर्निर्देशन सुचवलं असतं. पुढेमागे कंपनीवर कोणी नीट लिहिलं, तर त्याच पुनर्निर्देशनाच्या जागी लेख उभा करता येतो.