गुळाचा आठवडा

प्रिय मुलीस,
अनेक आशीर्वाद.

कोल्हापूरजवळच्या करवीर तालुक्यातली शाळा, तिसरीचा वर्ग आणि तोही ऊस-गुळाच्या ऐन हंगामात! पत्र वाचून फार आनंद झाला. आठवड्याचं नियोजन कसं करू, असं विचारलंस. माझं सांगणं एवढंच: डिसेंबरातला एक आठवडा पुरता गुळाला दे. भाषा, गणित, परिसर अभ्यास, चित्रकला, सगळं त्यातूनच काढ.

ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडकडून आलेली मुलं तुझ्याकडे बहुधा असतील. ती मागे बसतात, जोडाक्षरांवर अडखळतात आणि आपण त्यांना लगेच कच्ची ठरवतो. पण वाढं (उसाचा हिरवा शेंडा), पाचट (वाळलेली पानं), मोळी (बांधलेला भारा), खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेलं पीक) यांबद्दल त्यांच्याइतकं पक्कं ज्ञान वर्गात दुसऱ्या कुणाला असेल? सोमवारी पुस्तक उघडण्याआधी टेबलावर उसाचं एक कांडं ठेव आणि आधी त्यांना बोलू दे. त्यांच्या तोंडून येतील ते शब्द फळ्यावर लिही, त्यांच्या बोलीत येतील तसेच. त्या दिवशीचं वाचन त्याच शब्दांचं. स्वतःचा शब्द फळ्यावर दिसला की मूल तो वाचायला धडपडतं, हे तुला पहिल्याच दिवशी दिसेल.

मंगळवारी तराजू आण, गावातला दुकानदार एका दिवसासाठी देईल. किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, हातात घेऊन आधी अंदाज, मग वजन, मग अर्धा किलो, मग पाव. साधारण दहा किलो उसापासून एक किलो गूळ होतो. मग चाळीस किलोच्या मोळीतून किती? भागाकार शिकवला नसशील तरी विचार. मुलं दहा-दहाचे गट पाडून उत्तरापर्यंत येतात. त्यांना वेळ दे. भागाकाराची रीत नंतर सांगितलीस तरी चालेल, किंबहुना नंतरच सांग.

बुधवार गुऱ्हाळाचा. मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची लेखी संमती आधी घे, सोबत दोन मोठी माणसं हवीत. चरक (ऊस पिळायचं यंत्र) आणि काहिल (रस उकळायची मोठी कढई) यांच्यापासून मुलं बरीच लांब राहतील अशी दोरी बांधून घे, कारण पाक पाण्याच्या उकळीपेक्षा बराच जास्त तापतो. प्रश्न मुलांनीच आदल्या दिवशी लिहून आणायचे आणि गूळ करणाऱ्या गुळव्याला त्यांनीच विचारायचे. रसात भेंडीचा चिकट रस का घालतात? मळी, म्हणजे रसातला मळ, वर कशी येते? पाक तयार झाला हे कसं कळतं? गुळव्या पाण्यात थेंब टाकून गोळी धरून दाखवेल. त्या वेळी तू काही समजावू नकोस. विज्ञानाचा इतका चांगला पाठ आपल्याला वर्गात उभा करता येत नाही.

गुरुवारी नवीन काही नको. बुधवारी काय पाहिलं ते मुलं लिहितील, आणि तू ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याजवळ खाली बस. ते सांगतील, तू लिही, मग दोघं मिळून वाचा. केंद्रप्रमुखांनी (शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी) विचारलं तर दाखवायला टाचणात, म्हणजे पाठाच्या नोंदीत, स्पष्ट लिहून ठेव: मागे राहिलेल्यांसाठी दिवस. शुक्रवारी चित्रं, शनिवारी दप्तराविना भेळीसारखं काही गूळ घालून करा.

शुक्रवारीच शाहू महाराजांची गोष्ट सांग. गुळाच्या व्यापारासाठी त्यांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली आणि १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. या दोन गोष्टी एकत्रच सांग. पेठ शेतकऱ्याच्या गुळासाठी आणि शाळा त्याच्या पोरांसाठी, हे तिसरीतल्या मुलाला नीट समजतं. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हेही जाता जाता सांग. ज्यांच्या घरी ऊस आहे ती मुलं ताठ बसतील. ज्यांचे आईबाप तो ऊस तोडतात त्यांच्याकडेही तेव्हा बघ, आणि तोडणीशिवाय गूळ नाही हे वर्गाला मोठ्याने सांग.

आणखी एक. ही मुलं हंगाम संपायच्या आतही जाऊ शकतात. टोळी आणणाऱ्या मुकादमाचा निरोप आला की टोळी रातोरात उठते. शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत शिकणं चालू ठेवता यावं म्हणून द्यायचं कार्ड) फेब्रुवारीतच भरून पालकांच्या हाती दे, आणि मूल कुठपर्यंत वाचतं, कोणती बेरीज जमते, कशात रमतं हे एका कागदावर लिहून सोबत जोड. गावाकडच्या शिक्षकाला तो कागद फार उपयोगी पडेल.

तुझ्या,
बाई