जेवणाच्या ताटावर इंग्रजी कशाला?

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फौंड्री आहे. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्यातल्या एका जर्मन कंपनीची पहिली मुलाखत ती पास झाली, पुढची जर्मन मॅनेजर घेणार आहे. टीममध्ये तमिळ, बंगाली, पोलंडचे लोक आहेत. हिचं बोलणं पक्कं कोल्हापुरी, 'मी जातो, मी करतो' असलं. म्हणून चार महिने घरात फक्त इंग्रजी बोलायचं, असा नियम केलाय. परदेशी संस्कृती शिकवणारा ४५ हजारांचा कोर्स बघितलाय, पाच हजार भरलेत. पुढचे भरू का?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर: तुमचं पत्र चार पानांचं आहे, वर त्याचा सारांश दिलाय. सारांशात न आलेलं तिसऱ्या पानावरचं एक वाक्य मी दोनदा वाचलं. 'हिला इंग्रजी येत नाही, त्यामुळं जेवताना ती गप्पच असते.' ही म्हणजे मुलीची आई. कोर्सचं नंतर बघू. चार महिने स्वतःच्या घरात, स्वतः रांधलेल्या ताटावर एक बाई मुकी बसलीय आणि तुम्ही त्याला मुलाखतीची तयारी म्हणताय. तो नियम आज रात्रीच मोडा.

यात मुलगी काय शिकली असेल? आपली बोली लपवायची चीज आहे, एवढंच. बोली लपवणारा माणूस तोंड उघडायच्या आधी दहादा विचार करतो, आणि मग विचारायचं ते राहूनच जातं. पहिल्या मुलाखतीत 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हटल्यावर ती नुसती हसली, हे तुम्हीच लिहिलंय. मला तिच्या इंग्रजीपेक्षा त्या हसण्याची काळजी वाटते. आणि 'मी जातो'चं म्हणाल, तर जर्मन माणसाला जातो आणि जाते यातला फरक कळणार कसा? हसलंच तर पुण्यातलं कुणी मराठीच हसेल. 'आमच्याकडं बायका असंच बोलतात' म्हणायचं आणि कामाला लागायचं.

आता तो कोर्स. अकॅडमीवाल्यांनी दाखवलेले आकडे तुम्ही उतरवून पाठवलेत: वरिष्ठ-कनिष्ठ अंतरात भारत ७७, जर्मनी ३५ (आकडा मोठा, तेवढं साहेबाचं वरचढपण लोकांनी धरून चाललेलं). आकडे खोटे नाहीत. गेर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकानं १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, तिथून ही मोजणी सुरू झाली. पण ती देशांची तुलना आहे, समोरच्या माणसाची कुंडली नव्हे. जर्मन म्हणजे असा, तमिळ म्हणजे तसा, ही यादी पाठ करून गेलं की माणूस यादीशीच बोलत बसतो. आपण कोल्हापूरकर सगळे तांबडा-पांढरा ओरपतो असं कुणी धरून चाललं, तर इथल्या जैन घरांत काय होईल?

खरी अडचण काटे-चमच्यात येत नाही, साध्या 'हो'मध्ये येते. 'शुक्रवारपर्यंत होईल का?' 'होतंय की!' आपल्याकडं या 'की'मध्ये उमेद असते, समोरच्याचा मान असतो आणि थोडी शंकाही असते. ऐकणाऱ्यालाही ते कळतं. पोलंडमध्ये बसलेला सहकारी मात्र शुक्रवार लिहून ठेवील आणि शुक्रवारीच विचारील. तिथं बोलायचं ते असं: 'ड्रॉइंग बुधवारी हातात आलं तर शुक्रवारी देते, नाहीतर सोमवार धरा.' यात उद्धटपणा नाही. साहेबांसमोर अडचण सांगणं म्हणजे उलट बोलणं, हे तिच्या डोक्यातून काढायला हवं. ते कुणी घातलंय, हे तुम्हीच बघा.

आणि हे सगळं तुम्हाला येतं! पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, की दिवाळीनंतर बिहारचे मोल्डर, म्हणजे साचे करणारे कामगार, छठला गावी जायचे, डिस्पॅच अडकायचा, तीन वर्षं तुम्ही भांडलात. मग एकाला बसवून विचारलंत, तेव्हा छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते आणि त्या घरांत ती चुकवत नाहीत हे कळलं. आता तुम्ही मोल्डिंग दिवाळीआधीच उरकता. अहो, ४५ हजारांत ते यापेक्षा वेगळं काय शिकवणार? मुलगी तुमच्या फौंड्रीत कधी आली होती, तेही तुम्ही लिहिलंय: कॉलेजच्या प्रोजेक्टला, दोन दिवस. तिला दोन आठवडे पाठवा. केबिनमध्ये नको, मोल्डिंगला. रिजेक्शन का वाढलंय ते ओडिशाच्या आणि बेळगावच्या कामगारांकडून तिनं स्वतः काढून घ्यावं, मोडक्या हिंदीत. तुम्ही मध्ये पडू नका.

जर्मन शिकायची असेल तर ए-वनपासून, म्हणजे अगदी पहिल्या पातळीपासून, सुरुवात करावी, शिवाजी विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागात चौकशी करा. मुलाखतीला त्याची गरज नाही.

एक गोष्ट चार पानांत कुठंच सापडली नाही. तिला पुण्याला जायचंय का? पुढचं पत्र तिला लिहू दे, तुम्ही न वाचता पाठवा. भरलेले पाच हजार परत मागून बघा; नाही दिले तर नाद सोडा.