गोळी आधी, गोड बातमी नंतर

प्रश्न : यंदा बाळाचा विचार आहे. डॉक्टरांनी आत्तापासूनच फॉलिक ॲसिड (एक ब जीवनसत्त्व) सुरू करायला सांगितलं. सासूबाई म्हणतात, दिवस राहायच्या आधीच गोळ्या कशाला? (घणसोली)

उत्तर : सासूबाईंना दिवसांचा हिशेब सांगा. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि घरात अजून ‘थोडं थांबू, मग तपासू’ चाललेलं असतं. ठाण्यातल्या माझ्या दवाखान्यात कितीतरी जणी पहिल्यांदा येतात त्याच आठव्या-नवव्या आठवड्यात. मी गोळी लिहून देते, पण नळी कधीच मिटलेली असते, किंवा मिटायची राहून गेलेली असते. हे मला दर वेळी टोचतं. नळी वरच्या टोकाला उघडी राहिली तर कवटी आणि मेंदू नीट घडत नाहीत, बाळ जगत नाही. खाली उघडी राहिली तर पाठीवर फुगा येतो, पाय लुळे पडू शकतात, लघवीवर ताबा राहत नाही. असे सगळेच दोष टळत नाहीत, पण बरेचसे टळतात. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्या. किमान महिनाभर आधी सुरू करा, दोन-तीन महिने मिळाले तर उत्तम, आणि गरोदरपणाचा तिसरा महिना संपेपर्यंत चालू ठेवा.

प्रश्न : आम्ही गहू आणून चक्कीवर दळून घेतो. त्याऐवजी फोर्टिफाइड (जीवनसत्त्वं मिसळलेलं) पीठ आणलं तर गोळी टळेल का? की गोळी कुटून कणकेतच घालू? (वाशी)

उत्तर : दोन्ही नको. ज्या पिशवीवर निळं ‘प्लस एफ’ चिन्ह असतं, त्या पिठात आपल्या सरकारी मानकानुसार किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. दिवसाला २०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या खाल्ल्यात तर १५ ते २५ मायक्रोग्रॅम पोटात जाईल, त्यातलंही थोडं तव्यावर उडेल. अमेरिकेत १९९८पासून सक्तीने किलोला १४०० मायक्रोग्रॅम घालतात, आणि तिथे हे दोष खरोखरच घटले. कारण ध्यानीमनी नसताना दिवस गेलेल्या बाईच्या पोटातही ते आधीच पोहोचलेलं असतं. आपल्याकडेही पिठात ते सक्तीचं व्हावं आणि प्रमाण वाढावं, असं माझं ठाम मत आहे. पण घरचं दळण गल्लीतल्या चक्कीवर जातं, तिथे कोण मिसळणार? ४०० मायक्रोग्रॅम म्हणजे मिठाचे मोजके कण. हाताने ते सारखं मिसळत नाही. एका पोळीत सगळं जाईल, दुसरीत काहीच नाही. गोळी पाण्याबरोबर गिळा.

प्रश्न : पालेभाज्या भरपूर खाते. तेवढं पुरे ना? (नौपाडा)

उत्तर : पालक, चवळी, मटकी खाच, पण गोळी सोडू नका. भाजी उकडून पाणी ओतून दिलंत तर फोलेट (फॉलिक ॲसिडचं अन्नातलं रूप) त्या पाण्याबरोबर मोरीत जातं. फोलेटच्या शोधाचं मूळ मात्र आपल्या शेजारचंच. १९२८च्या सुमारास डॉ. लूसी विल्स मुंबईत आल्या, परळच्या हाफकिन संस्थेत राबल्या आणि इथल्या गरोदर बायकांचा पंडुरोग (रक्त कमी होणं) यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कातलं द्रव्य म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फोलेट.

प्रश्न : पहिलं बाळ पाठीच्या दोषाने गेलं. ग्रहणात मी विळीवर भाजी चिरली म्हणून, असं अजून ऐकवतात. पुन्हा तसंच होईल का? (कळवा)

उत्तर : ताई, विळीचा आणि ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. हा बोल तुम्ही मनावरून उतरवून ठेवा. तुमच्यासारख्या मातांवर झालेल्या चाचणीत, १९९१ साली, रोज ४ मिलिग्रॅमने हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. म्हणजे नेहमीच्या दहापट मात्रा. पण त्यासाठी मल्टिव्हिटॅमिनच्या दहा गोळ्या घेऊ नका, त्यातलं जास्तीचं अ जीवनसत्त्व गर्भाला घातक ठरतं. ही मोठी मात्रा चिठ्ठीवरच घ्या. फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल, तर या औषधानेही हा धोका वाढतो, पण ते मनाने बंद करू नका. दिवस राहायच्या आधी मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : सासरे ७० वर्षांचे, शाकाहारी. त्यांनी हे फोर्टिफाइड पीठ खाल्लं तर चालेल? (ऐरोली)

उत्तर : चालेल. मोठ्या मात्रेच्या फॉलिक ॲसिडने बी-१२ची कमतरता झाकली जाऊ शकते, पण पिठातलं प्रमाण फारच थोडं आहे आणि मानकात बी-१२ही आहे. पायाला मुंग्या येत असतील तर मात्र बी-१२ तपासून घ्या.