डोळ्यापुढे तरंगणारं कोळिष्टक

प्रश्न : वय ६६. तरुणपणापासून उणे सातचा नंबर. गेल्या वर्षी डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. हल्ली पेपर वाचताना त्याच डोळ्यापुढे कोळिष्टकासारखं काहीतरी तरंगतं. ऑपरेशन बिघडलं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : काका, लगेच तसं समजू नका. डोळ्यातली जेली जवळजवळ ९८ टक्के पाणीच. वयानुसार ती पातळ होते, तंतूंचे पुंजके होतात, त्यांची सावली डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्यावर (रेटिनावर) पडते. साठीनंतर जेली पडद्यापासून सुटणंही नेहमीचंच. जाड नंबर आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन, दोन्हींमुळे हे लवकर होतं. ड्रॉप्सनी ते विरघळत नाही, जाहिराती काहीही म्हणोत. मात्र बाहुली मोठी करून पडदा या आठवड्यातच तपासून घ्या. बाहुली मोठी केल्यावर काही वेळ धूसर दिसतं, म्हणून त्या दिवशी स्कूटर घरीच ठेवा. ठिपके एकदम वाढले, कडेला चमक दिसली किंवा एका बाजूने अंधारलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पडदा फाटलेला असू शकतो.