वाचक विचारतात: वर्गणी, ताणकाटा आणि पाण्यात परत सोडलेला मासा

गळाने हौशी मासेमारी करणाऱ्यांचे क्लब आणि त्यांचा राष्ट्रीय महासंघ चालवणाऱ्या पदाधिकाऱ्यांकडून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच विषयावर अनेक पत्रं होती, तिथे ती एका प्रश्नात एकत्र केली आहेत.

प्रश्न: आमच्या महासंघाची वर्गणी दर क्लबमागे सारखीच आहे. वीस सभासदांचा क्लब आणि सहाशेंचा क्लब एकच रक्कम भरतात आणि सभेत दोघांनाही एकच मत. माणशी वर्गणीचा ठराव आला की मोठे क्लब बिथरतात. शिवाय ती लावली तर ते सभासद लपवतील अशी भीती आहे. मार्ग काय?

उत्तर: लपवतील, यात शंका नको. माणशी वर्गणी नुसतीच लावली तर सहाशेंचा क्लब यादी पाठवताना साडेतीनशेवर येतो आणि महासंघाला ते ताडून बघायला काही साधन नसतं. म्हणून वर्गणी, मत, विमा आणि स्पर्धेचा प्रवेश हे चारही एकाच यादीला बांधायचे. यादीत नाव असेल त्याचीच वर्गणी, त्याच्याच जोरावर क्लबचं मत, त्यालाच विम्याचं संरक्षण आणि त्यालाच राष्ट्रीय स्पर्धेत जागा. मग नाव गाळल्याचा फटका क्लबलाच बसतो. ज्याचं नाव गाळलं तो सभासद स्वतःच विचारायला येतो, महासंघाला पहारा ठेवावा लागत नाही.

वर्गणीचे दोन भाग करा. प्रत्येक क्लबला सारखी अशी छोटी मूळ रक्कम आणि तिच्यावर माणशी रक्कम. मूळ रक्कम हवीच, कारण नोंद, दाखले, पत्रव्यवहार हे काम वीस जणांच्या क्लबलाही जवळपास तितकंच लागतं.

मतांसाठी पायऱ्या ठेवा. उदाहरणार्थ, 25 सभासदांपर्यंत 1 मत, पुढे प्रत्येक पूर्ण 50 सभासदांमागे आणखी 1 आणि कमाल मर्यादा 8. यात 20 सभासदांच्या क्लबला 1 मत मिळतं आणि 90च्या क्लबला 2. सहाशेंच्या क्लबची हिशेबाने 12 होतात, पण तो 8वर थांबतो. मर्यादा नसेल तर दोन-तीन बडे क्लब आपसात ठरवून सभेला येतात आणि बाकीचे हळूहळू यायचंच सोडतात.

मर्यादा घातली की दुसरी पळवाट निघते. सहाशेंच्या क्लबने कागदावर दीडशे-दीडशेंचे चार क्लब केले, तर प्रत्येकी 3 म्हणजे 12 मतं पुन्हा पदरात. म्हणून नव्या क्लबला पूर्ण एक वर्ष मताधिकार नाही, आणि बँक खातं किंवा पदाधिकारी दुसऱ्या क्लबशी सामाईक असतील तर संलग्नता नाही, ही दोन कलमं घटनेत आधीच असू द्या. फाटाफूट झाल्यावर ती आणली तर ती एका क्लबवर रोखलेली दिसतात.

एकच माणूस तीन क्लबांचा सभासद असणं हे तर नेहमीचंच. प्रत्येकाला महासंघाचा कायमचा क्रमांक द्या आणि त्याचा मूळ क्लब त्यालाच निवडू द्या. महासंघाची वर्गणी आणि मतमोजणी मूळ क्लबातच. आणि यादी गोठवायची तारीख सभेच्या निदान 60 दिवस आधीची ठेवा. नाहीतर सभेच्या आदल्या आठवड्यात काका-मामांसकट सगळी वरात सभासद होते.

प्रश्न: गळ फेकताना आमच्या सभासदाचा गळ मागून जाणाऱ्याला लागला. त्याचं नाव आम्ही महासंघाला पुढच्या महिन्यात कळवणार होतो. विमा कंपनी नकार देते आहे. असं करता येतं?

उत्तर: बहुतेक गट-विम्यांत येतं. घटनेच्या दिवशी तो माणूस विमाधारकांत होता का, हाच पहिला प्रश्न विचारला जातो. वर्गणी घेतल्याची पावती क्लबकडे असली तरी महासंघाकडे नाव पोचलं नसेल तर वाद होतोच. म्हणून नवं नाव त्याच दिवशी पाठवायची सोय हवी. महिनाअखेरीचा गठ्ठा नको.

पॉलिसी घेताना एक गोष्ट वाचून घ्या. काही पॉलिसी घटना ज्या दिवशी घडली त्या दिवसावर चालतात, तर काही दावा ज्या दिवशी आला त्या दिवसावर. दुसऱ्या प्रकारात पॉलिसी बदलताना किंवा नूतनीकरणाला खंड पडला तर जुन्या घटनेचा दावा लटकतो. अपघात झाला की साक्षीदारांची नावं, जागेचे फोटो आणि वेळ लगेच लिहून विमा कंपनीला कळवा. जखमीला जरूर मदत करा, पण चूक आमचीच, भरपाई देऊ, असं लिहून देऊ नका. त्या एका चिठ्ठीने कंपनीला हात वर करता येतात.

प्रश्न: संघनिवडीच्या स्पर्धेत एका काठावर सगळ्यांना मासे लागले, समोरच्या काठावर निम्मे रिकामे. एकूण वजनावर संघ निवडला आणि चांगल्या काठावरचेच सगळे आत गेले. आता तक्रारींचा पाऊस पडतो आहे.

उत्तर: तक्रारी रास्त आहेत. पाणी सगळीकडे सारखं नसतं, म्हणून वेगवेगळ्या भागांतलं वजन थेट ताडून बघायचंच नसतं. पाण्याचे विभाग पाडा, माणूस फक्त आपल्या विभागातल्यांशी स्पर्धा करेल आणि विभागातल्या क्रमांकाइतके गुण घेईल. पहिला 1, दुसरा 2, असे. सांघिक स्पर्धेत संघाचा एकेक जण प्रत्येक विभागात बसतो आणि ज्या संघाच्या गुणांची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकतो. बरोबरी झाली तरच एकूण वजन बघायचं. गोड्या पाण्यातल्या जागतिक स्पर्धाही याच तत्त्वावर चालतात.

घोळ होतो तो रिकाम्या हाताने परतलेल्यांचा. समजा विभागात 12 जण आहेत, 7 जणांना मासे लागले, 5 जणांना काहीच नाही. त्या पाचांना किती गुण? सगळ्यांना 12 दिले तर अन्याय, 8 दिले तर फुकटची बढती. उरलेल्या जागांची सरासरी काढायची: 8 ते 12 यांची सरासरी 10, म्हणून पाचही जणांना 10. ताळा करून बघा. 1 ते 7 ची बेरीज 28, पाच दहांचे 50, मिळून 78, आणि 1 ते 12 ची बेरीजही 78. प्रत्येक विभागाची बेरीज अशी जुळलीच पाहिजे. जुळली नाही तर निकालपत्रात कुठेतरी चूक आहे आणि ती फळ्यावर लावण्याआधी सापडते. चौथ्या जागेवर दोघांचं वजन सारखं आलं तर दोघांनाही साडेचार.

जागांच्या चिठ्ठ्या स्पर्धकांसमोर काढा आणि काढणारा स्पर्धक नसावा. विभागाच्या टोकाच्या जागेला शेजारी एकच असतो, तिला बऱ्याचदा जास्त मासे लागतात. लांबलेल्या मालिकेत एकाच माणसाला टोकाची जागा दोनदा आली तर दुसऱ्या खेपेला बदल करायचा का, हे पहिल्या चिठ्ठीच्या आधी लिहून ठेवा.

प्रश्न: वजन करताना दरवेळी हुज्जत होते. कुणी म्हणतं काटा चुकीचा, कुणी म्हणतं पिशवीतलं पाणी धरलं. नेमकी पद्धत काय असावी?

उत्तर: एका विभागाला एकच काटा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. दोन काटे वापरले की त्यांच्यातला फरक कुणाच्या तरी माथी बसतो. सकाळी माहीत असलेलं वजन लावून काटा तपासा आणि आकडा कागदावर लिहा. वजन संपल्यावर तेच वजन पुन्हा लावा. काटा तिवईला टांगलेला हवा, हातात धरलेला नको. हात दमतो तसा आकडा हलतो.

माशांची पिशवी आधी पाण्यात पूर्ण भिजवा, निथळू द्या, मग रिकामी टांगून काटा शून्यावर आणा. कोरड्या पिशवीवर शून्य केलं तर पहिल्या स्पर्धकाच्या वजनात पिशवीने शोषलेलं पाणीही चढतं. पुढच्यांच्या बाबतीत ते किती, हे कोणालाच सांगता येत नाही. चिल्लर माशांच्या स्पर्धेत तेवढ्यावर क्रमांक फिरतात. दर पाच-सहा वजनांनी रिकामी पिशवी टांगून शून्य पुन्हा बघा, कारण चिकटा आणि खवले साठत जातात. आकडा एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने लिहायचा, आणि स्पर्धकाची सही झाल्यावरच मासे पाण्यात सोडायचे. सहीनंतर वजनाची तक्रार ऐकायची नाही.

मेलेले मासे वजनाला चालत असतील तर आणखी एक सावधगिरी हवी. 2022 मध्ये अमेरिकेत लेक एरीवरच्या एका स्पर्धेत विजेत्यांच्या माशांत शिशाची वजनं आणि दुसऱ्या माशांचे तुकडे सापडले. लांबीच्या मानाने मासे फार जड भरले म्हणून आयोजकांना संशय आला आणि सगळ्यांसमोर चिरून बघितलं. पुढे दोघांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. म्हणून वजनासोबत सगळ्यात मोठ्या माशाची लांबी मोजून लिहायची सवय ठेवा, आणि मासा तपासायचा अधिकार पंचांना आहे हे प्रवेश अर्जावरच छापा.

प्रश्न: उन्हाळ्यातल्या स्पर्धेत सगळे मासे जिवंत सोडले, तरी दोन-तीन दिवसांनी काठावर मेलेले मासे आले. पाण्याचे मालक आता परवानगी द्यायला नाखूश आहेत.

उत्तर: पोहत गेला म्हणजे वाचला असं नसतं. झुंजताना माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं आणि ते जिरवायला त्याला भरपूर प्राणवायू लागतो. नेमका उन्हाळ्यात तोच कमी असतो. गोड्या पाण्यात मावणारा प्राणवायू 10 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 11.3 मिलिग्रॅम, 20 अंशांना 9.1 आणि 30 अंशांना 7.6. मेलेला मासा बहुतेकदा आधी तळाला जातो आणि कुजून फुगल्यावर वर येतो, म्हणून हिशेब दोन-तीन दिवसांनी दिसतो.

ऊन टाळायला स्पर्धा पहाटे ठेवायची, हा उपाय वाटतो तितका सरळ नाही. रात्रभर वनस्पती आणि शेवाळ प्राणवायू वापरत असतात, त्यामुळे हिरव्या, साचलेल्या पाण्यात तो पहाटेच सगळ्यात कमी असतो. प्राणवायू मोजायचं यंत्र क्लबने घ्यावं आणि कोणत्या आकड्याखाली स्पर्धा रद्द, हे तिथल्या माशांच्या जातीनुसार मत्स्यतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावं.

मासे दिवसभर जाळीत कोंडण्याऐवजी पट्टीवर लांबी मोजा, फोटो काढा आणि तिथेच सोडा. जाळी वापरायचीच असेल तर बिनगाठीची, लांब, पूर्ण पसरलेली आणि सावलीत. गळ बिनकाट्याचा, म्हणजे उलट काटा नसलेला किंवा पकडीने दाबून बसवलेला. हात ओले, कोरडं फडकं नको, कारण त्याने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. हवेत कल्ल्यांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि श्वास थांबतो. फोटोसाठी कॅमेरा आधी तयार ठेवा, मासा मग उचला.

दुसऱ्या पाण्यावर जाण्याआधी जाळ्या आणि पिशव्या धुऊन कडक वाळवायच्या. रोगजंतू आणि परके जीव याच ओल्या जाळ्यांतून फिरतात.

प्रश्न: स्पर्धेच्या जागांवरून विजेच्या तारा जातात. काठ्या तर तारांच्या खूप खाली असतात. तरी धोका आहे?

उत्तर: आहे, आणि जिवाचा आहे. कार्बन फायबरची काठी वीज वाहून नेते, आणि उच्च दाबाच्या तारेला ती टेकायचीही गरज नसते, जवळ गेली तरी ठिणगी उडी मारते. तारांच्या दोन्ही बाजूंना 30 मीटरच्या आत एकही जागा ठेवू नका. अंतर नजरेने नाही, फितीने मोजा, तेही चिठ्ठ्या काढण्याआधी. जाण्यायेण्याच्या वाटेवर तारा असतील तर काठ्या सोडवून, आडव्या धरून न्यायच्या. बरेचसे अपघात मासे धरताना नाही, असं सामान हलवतानाच होतात.

प्रश्न: राष्ट्रीय विक्रम 9.00 किलोचा आहे. एका सभासदाने 9.04 किलोचा मासा धरला. विक्रम मोडला का?

उत्तर: तुमच्या नियमांत किमान फरक लिहिला आहे का, ते आधी बघा. लिहिला नसेल तर मोडला, आणि पुढचा भांडत येईल तो 9.05 घेऊन. 1939 मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनचा नियम उपयोगी आहे. 25 पौंडांखालच्या, म्हणजे साधारण 11.3 किलोखालच्या माशाला किमान 2 औंस, सुमारे 57 ग्रॅम, जास्त हवेत. त्यावरच्या माशाला अर्धा टक्का जास्त हवा. त्याहून कमी फरक असेल तर बरोबरी धरतात. त्या नियमाने तुमचे 40 ग्रॅम म्हणजे बरोबरी, दोन्ही नावं विक्रमात.

वजन जमिनीवर, गेल्या बारा महिन्यांत प्रमाणित केलेल्या काट्यावर झालेलं हवं. डुलत्या होडीवरचं चालत नाही. अर्जासोबत माशाचे, काठी-रिळाचे आणि काट्याचे फोटो, दोन साक्षीदार आणि दोरीच्या ताकदीनुसार विक्रम ठेवत असाल तर दोरीचा नमुना. जात ओळखण्याबाबत शंका असेल तर परांची आणि खवल्यांची जवळून काढलेली छायाचित्रं मत्स्यतज्ज्ञाला पाठवा. सारख्या दिसणाऱ्या जाती आणि संकर यांत विक्रम समित्या वजनापेक्षा जास्त फसतात.

प्रश्न: आमच्या देशात गोड्या पाण्याचा, समुद्राचा आणि माशीच्या गळाचा (म्हणजे आमिष म्हणून नकली माशी बांधलेल्या गळाचा) असे तीन वेगळे संघ आहेत. एकत्र यावं का?

उत्तर: स्पर्धांसाठी घाई नाही. 1952 मध्ये स्थापन झालेल्या क्रीडा मासेमारीच्या जागतिक महासंघातही गोडं पाणी, समुद्र आणि माशीचा गळ यांच्या वेगळ्या शाखा आहेत. पण नदीचं प्रदूषण, बंदीचा काळ, परवाने यांवर सरकारशी बोलताना तीन पत्रं तीन सुरांत गेली की अधिकारी तिन्ही फाइलला लावून मोकळा होतो. इंग्लंडमध्ये सहा संस्था 2009 मध्ये अँगलिंग ट्रस्ट या एका संस्थेत विलीन झाल्या. थेट विलीनीकरण पचत नसेल तर आधी फक्त सरकारी पत्रव्यवहार, विमा आणि सभासद क्रमांक सामाईक करा, आणि प्रत्येकाची स्पर्धा, विक्रम आणि शिल्लक त्याच्याकडेच राहू द्या. बोलणी अडतात ती शिलकीवरच, म्हणून पहिल्या बैठकीला तिन्ही खजिनदारांना तपासलेले हिशेब घेऊन यायला सांगा.